तुळशीबाईले इचारा

गिरधर पेंटरने आयुष्यात एकच मोठं खोटं लिहिलं, आणि गंमत म्हणजे त्यात खोटा शब्द एकही नव्हता. मोजून चार शब्द होते, निळ्या रंगातले, त्याच्या स्वतःच्या हाताने काढलेले. ते आठवले की अजूनही जेवताना त्याचा घास तोंडाशी थांबतो. बायको विचारते, काय झालं? तो म्हणतो, काही नाही, मीठ जरा जास्त आहे. मीठ बरोबर असतं.

हे कळायचं तर आधी त्याची कामाची रीत कळायला हवी. शहाद्याच्या बसस्टँडमागं त्याचं दहा बाय आठचं दुकान. आत एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर, रंगाचे डबे आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या अर्धवट पाट्या. जाहिरात लिहून घ्यायला आलेला माणूस पहिल्या दिवशी हात हलवतच परत जायचा. तो आलेला असायचा घाईत. "एक झकास ओळ लिहून द्या, बस्स," म्हणायचा. गिरधर चहा मागवायचा आणि उलट त्यालाच प्रश्न विचारायला बसायचा. माल घेतो कोण, नवरा की बायको? दुकानात येतो तो घेतो, की घरी बसलेली आधीच ठरवून पाठवते? ती सकाळी कुठं उभी असते? तिला ऐकायला वेळ कधी असतो? आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, ती ऐकते कोणाचं? गिऱ्हाईक वैतागायचं. चार शब्द लिहायला एवढी उस्तवार कशाला, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं. गिरधर शांतपणे सांगायचा, "ओळ शेवटी. ओळ दोन मिनिटांत होते. आधी माणसं कळू द्या."

हे शहाणपण त्याला फुकटात मिळालेलं नव्हतं. मूळचा तो कळसाडीचा, शाळेत असल्यापासून भिंती रंगवणारा. ऐन विशीत कपडे धुण्याच्या एका पावडरीसाठी त्यानं यमक जुळवून झकास कवन रचलं आणि रस्त्याकडेच्या चाळीस भिंतींवर रंगवलं. पोरंटोरं ते कवन म्हणत हिंडली. पावडरीचं पाकीट मात्र एकही खपलं नाही. मग कोणीतरी त्याच्या लक्षात आणून दिलं, की बाबा, तू ज्या रस्त्यावर लिहिलंस तिथून ऊसतोडीच्या गाड्या आणि सायकलीवरचे बापे जातात, बाया धुणं घेऊन जातात त्या मागच्या गल्लीनं. आणि तुझं कवन त्यांनी वाचलं असतं तरी घरात साबणाचं ठरवते ती सासू, तिला वाचता कुठं येतं? पावडरवाल्यानं चारचौघांत शोभा केली ती वेगळीच. त्या दिवशी गिरधरनं कानाला खडा लावला. पुढं फ्लेक्स आले, भिंती रंगवणारे सगळे देशोधडीला लागले, कोणी रिक्षा घेतली, कोणी गुजरातमध्ये कामाला गेला. गिरधर तेवढा टिकला, तो या डोक्यामुळं. लोक त्याला पेंटर म्हणत राहिले. पण त्याचं खरं काम दोनशे पानी वहीत चालायचं, ब्रश हातात घ्यायच्या आधी.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी उलटून ऊसतोड सुरू झाली होती तेव्हा, जिनेश त्याच्याकडं आला. जिनेश म्हणजे केवलचंदशेठचा नातू. या घराण्याचे पूर्वज राजस्थानातून आले आणि तीन पिढ्या शहाद्यात सरकी, ढेप, मीठ विकत राहिले. जिनेश पुण्याला शिकून आलेला, वय अठ्ठावीस, त्याला आजोबांच्या गादीवर नुसतं बसायचं नव्हतं. त्यानं गुराढोरांचं तयार खाद्य काढलं, पोत्यात शिवलेलं, आजोबांच्या नावाचं. केवल सुग्रास. माल वाईट नव्हता, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. जिनेश त्यात माती कालवत नव्हता. बाजारात जशी चार पोती मिळतात तसंच ते पाचवं.

"गिरधरभाऊ, कळसाडीपासून सुरुवात करू," जिनेश म्हणाला. "तुमचंच गाव. घरटी म्हैस आहे. एक जोरदार ओळ लिहा."

"ओळ शेवटी, जिनेशशेठ," गिरधर म्हणाला, आणि वहीचं कोरं पान उघडलं.

मग ओळीनं आठ दिवस तो पहाटे मोटरसायकल काढून कळसाडीला गेला आणि दूध डेअरीसमोरच्या ओट्यावर बसला. सहा वाजता बाया किटल्या घेऊन रांगेत यायच्या. डेअरीवाला वाटीभर दूध मशीनमध्ये घालायचा आणि फॅटचा आकडा, ज्यावर दुधाचा भाव ठरतो, पाटीवर लाल दिव्यांत उमटायचा. कोणाचा सहा पॉइंट दोन, कोणाचा सहा पॉइंट पाच. बाया आपला आकडा बघायच्या आणि पुढं सरकायच्या. पण एक किटली मशीनपाशी आली की सगळ्या रांगेच्या माना उंच व्हायच्या. ती तुळशीबाईची. आकडा यायचा आठ. कधी आठच्याही वर. तुळशीबाई पाटीकडं बघायचीही नाही, तिला तो वाचता येत नव्हता. डेअरीवाला मोठ्यानं सांगायचा आणि ती "बरं बापा" म्हणून रिकामी किटली उचलायची. ती गेली की बायांचं सुरू व्हायचं. काय घालते ती म्हशीला? वासराला कधी सोडते? घालत होती ती रात्रभर भिजवलेली सरकी, शिजवलेली तुरीची चुनी आणि ज्वारीच्या कडब्याची कुट्टी. विचारलं तर सांगायचीही. पण एवढं सगळं रोज करायचा कंटाळा, म्हणून बायांना त्यात काहीतरी गुपित असावं असं वाटायचं.

तुळशीबाई गिरधरची मावशी लागत होती, आईची मावसबहीण. साठी ओलांडलेली, घरात एकटी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गावात बाई म्हैस घ्यायला निघाली की आधी तिला विचारायची, पोरीचं स्थळ आलं की तिला विचारायची, इतकंच काय, पापड कधी लाटायचे हेही तिला विचारायची. आणि तिचा एक स्वभाव गिरधरला लहानपणापासून ठाऊक होता. ती कोणालाच नाव ठेवायची नाही. एका लग्नात वरण तळाला लागून करपलं होतं, सगळा मांडव नाक मुरडत होता, आणि यजमानीण रडकुंडीला येऊन तुळशीबाईला विचारत होती, मावशी, कसं झालंय? "गोड शे माय," तुळशीबाई म्हणाली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. ती खोटारडी होती असं नव्हे. समोरच्याचं तोंड उतरलेलं तिला बघवायचं नाही, एवढंच.

आठव्या दिवशी गिरधरनं वहीत लिहिलं, 'ऐकतात कोणाचं? तुळशीमावशीचं.' मग पान उलटलं आणि जरा थांबून पुढं लिहिलं, 'मावशी कोणालाच नाव ठेवत नाही. विचारलं तर चांगलंच सांगणार. म्हणून जाहिरातीत दावा काहीच नको. नुसतं तिला विचारा म्हणायचं.' लिहून झाल्यावर त्याला इतका आनंद झाला की त्यानं स्वतःसाठी वेगळा चहा सांगितला. इतकी अचूक योजना त्याला आजवर सुचली नव्हती. ओळ खरोखर दोन मिनिटांत झाली.

दुसऱ्या दिवशी तो सुग्रासचं एक पोतं मोटरसायकलीला बांधून मावशीकडं गेला.

"मावशी, भितवर तुन्हं नाव लिखू का?"

"मन्हं नाव? मरी गयी का काय मी?" तुळशीबाई हसली.

"नही वं. जिनेशशेठनं सुग्रास शे ना, त्यानी जाहिरात."

"तुन्हं काम व्हत व्हई ते लिख बापा. माले थोडंच वाचता येस." तिनं त्याच्यासमोर चहा ठेवला. दुधाचा, दाट, वर साय तरंगणारा.

"हाई पोतं ठेव. वापरी देख," गिरधर म्हणाला. तिनं ते गोठ्याच्या कोपऱ्यात टेकवून ठेवलं. परत येताना गावाबाहेर आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की लोक तुला विचारायला येतील, हे आपण मावशीला सांगितलंच नाही. विसरलो, असं त्यानं मनाला सांगून पाहिलं. पण तो विसरला नव्हता. सांगितलं असतं तर ती विचारात पडली असती. त्यानं गाडी वळवली नाही.

फ्लेक्स या गावात कोणी बघत नाही, हे वहीत होतं. म्हणून त्यानं पुन्हा ब्रश हातात घेतला. डेअरीसमोर, पिठाच्या गिरणीशेजारी, नळाजवळ, बाया जिथं जिथं थांबतात अशा अकरा भिंती त्यानं पांढऱ्या केल्या आणि त्यावर निळीच्या रंगात लिहिलं, 'केवल सुग्रास. तुळशीबाईले इचारा.' वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना वाचून दाखवलं, आणि तिसऱ्या दिवशी गिरणीवर गोकुळची बायको सुनिता हिनं तुळशीबाईला विचारलं. सुनिता म्हणजे दोन म्हशींची मालकीण, तोंडाची फटकळ, पण तुळशीबाईपुढं मऊ.

"चांगलं शे माय," तुळशीबाई म्हणाली. "आपला गिरधरनी लिखेल शे."

झालं. त्या आठवड्यात जिनेशचा टेम्पो कळसाडीला एकदा गेला, पुढच्या आठवड्यात दोनदा. बायांनी सरकी भिजवायची झंझट सोडली आणि सुग्रासची पाटी भरून म्हशीपुढं ठेवायला सुरुवात केली. जिनेश पेढे घेऊन आला. गिरधर चहाच्या टपरीवर उभा राहून दहा जणांना सांगू लागला, की बघा, एक शब्द फुगवलेला नाही, दुप्पट दूध नाही, अमुक नाही, तमुक नाही. नुसतं विचारा म्हटलं. लोकांनी माना डोलावल्या. त्याची वही त्या महिन्यात फार मिरवली.

शिवरात्रीच्या सुमारास पुतण्याच्या साखरपुड्यासाठी तो कळसाडीला मुक्कामी गेला होता. सकाळी चहाला दूध कमी पडलं म्हणून किटली घेऊन तोच डेअरीवर गेला आणि सवयीनं ओट्यावर टेकला. आकडे येत होते. पाच पॉइंट सहा. पाच पॉइंट चार. सुनिताचा पाच पॉइंट पाच. मग तुळशीबाईची किटली आली, माना उंच झाल्या, आणि डेअरीवाल्यानं आकडा मोठ्यानं सांगितला नाही. तो हळूच म्हणाला, "सहा पॉइंट एक, मावशी." तुळशीबाई "बरं बापा" म्हणाली. एक बाई दुसरीला सांगत होती, की तुळशीमावशीच्याही म्हशीचं तसंच झालंय, म्हणजे पोत्याचा दोष नाही, यंदा हवाच वाईट.

गिरधर दूध घरी टाकून तडक मावशीकडं गेला. गोठ्याच्या कोपऱ्यात सुग्रासची रिकामी पोती घडी करून ठेवलेली होती, चार-पाच तरी असतील, आणि एक अर्धं संपलेलं उघडं. सरकीचं टोपलं आढ्याला उलटं टांगलेलं. क्षणभर त्याला वाटलं, हिला आवडलं असेल. पण तसं नसणार हे त्याला आतून लगेच कळलं.

"मावशी, तू सरकी बंद करी?"

"करी ना." ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती. म्हशीच्या बरगड्या पूर्वी दिसत नव्हत्या.

"कसाले?"

तुळशीबाईनं त्याच्याकडं पाहिलं, जणू हा काय विचारण्यासारखा प्रश्न आहे. "सुनितानी इचारं. मी चांगलं शे म्हणं. पोतं ते तवय शिवेलच व्हतं, मी हातबी लायेल नव्हता. त्या दिन माले भाकर गोड लागनी नही. मंग संध्याकायले पोतं उसवं. मन्हा तोंडना शब्द खरा व्हवाले जोयजे ना बापा."

गिरधर खाटेवर बसला.

"मंग आते ते सोड, मावशी. म्हैस देख कशी व्हई गयी."

"सोडू कशी? समद्यासनी मन्हा तोंडवर इकत लिन्हं, नि आते मीच सोडी देऊ? लोके काय म्हणतीन?" मग तिनं नेहमीसारखा चहा ठेवला. चहा पातळ होता, वर साय नव्हती. तिनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

तिला कळतच नव्हतं की हे तिच्यावर कोणी घडवून आणलंय. तिच्या चांगुलपणाचं वजन करून, त्याची विक्री किती होईल याचा अंदाज घेऊन, भाच्यानं ते वहीत मांडलं होतं. आणि तिनं काय केलं, तर तोंडचा शब्द खोटा पडू नये म्हणून आपली म्हैस झिजवली. साखरपुड्यात गिरधर पाहुण्यांत बसला होता, पण कोणी काय विचारलं आणि आपण काय बोललो ते त्याला नंतर आठवलं नाही.

शहाद्याला येऊन त्यानं वही काढली. त्या दोन पानांवर त्याचंच अक्षर, वळणदार, एकही खाडाखोड नाही. ती घेऊन तो जिनेशच्या दुकानी गेला. जिनेशनं फॅटचं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "सरकी पूर्ण बंद करा असं आपण कुठं सांगितलं होतं? आणि खोटं काय लिहिलंय आपण? एक शब्द दाखवा."

गिरधरनं वही त्याच्यापुढं सरकवली. जिनेशनं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि दुसरं परत एकदा वाचलं.

"हे तुम्ही मला दाखवलं नव्हतं."

"नव्हतं दाखवलं."

जिनेशनं वही मिटली. मग म्हणाला, "भिंती पुसून टाका. चुना आमच्याकडून. उद्याच्या टेम्पोत पोती नाहीत, सरकी पाठवतो. माझ्या बाजूनं जे करायचं ते मी करेन. पण गिरधरभाऊ, गावात काही बोलणार असाल तर तुमच्याच रीतीनं करा. काय बोलायचं, कोणासमोर, आधी बसून ठरवा."

"खरं बोलायला काय ठरवायचं असतं?" गिरधर म्हणाला. त्याला जिनेशचा थोडा रागच आला. ठरवून, मोजून, माणसं तोलून बोलण्याचा त्याला त्या दिवशी इतका वीट आला होता, की ती वही त्यानं आपल्या दुकानाच्या फळीवर फेकली आणि पुन्हा उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं एकट्यानं अकरा भिंतींना चुना मारला. बाया येता-जाता विचारत होत्या, काय भाऊ, नवी जाहिरात? तो मान खाली घालून ब्रश चालवत राहिला. तुळशीबाईच्या घरावरून तो दोनदा गेला. आत गेला नाही. उद्या सगळ्यांसमोर तिला मोकळी करू, मग जाऊ, असं त्यानं ठरवलं होतं. म्हणजे, ठरवलं ते एवढंच.

सकाळी सहाला रांग लागली तसा तो ओट्यावर उभा राहिला. आत कुठंतरी हलकं वाटत होतं, ओझं उतरवायला निघालेल्या माणसाला वाटतं तसं.

"माय-बहिणीस्वन, माले सांगानं शे," तो म्हणाला. "त्या भितवर जे लिखेल व्हतं ते मन्हं पाप शे. मावशीनी म्हैस त्या पोतावर नव्हती. सरकीवर व्हती, चुनीवर व्हती. मी निस्तं तिन्हं नाव वापरं. तुम्ही इकत लिन्हं तवय तिनी ते पोतं उसवेलबी नव्हतं. तिन्हा काही दोष नही. समदा दोष मन्हा शे."

तुळशीबाई पाचवी होती, किटली कंबरेला टेकवून. गिरधरला वाटलं, आता बाया आपल्यावर तुटून पडतील, आणि पडाव्यात अशीच त्याची इच्छा होती. पण त्याच्याकडं कोणी बघतच नव्हतं. सुनिता रांगेतून बाहेर आली आणि तुळशीबाईसमोर उभी राहिली.

"मी तुले गिरणीवर इचारं, तवय तुनी ते पोतं उसवेल नव्हतं?"

तुळशीबाईनं किटली खाली ठेवली.

"नि तरी तुनी माले सांगं, चांगलं शे?"

गिरधरनं तोंड उघडलं. ते तसं नाही, ती कोणालाच नाव ठेवत नाही, तिचा स्वभावच तो, असं काहीतरी त्याला सांगायचं होतं. पण ते सांगितलं तर आजवर तिनं जे जे चांगलं म्हटलं ते सगळंच गेलं, प्रत्येक म्हैस, प्रत्येक स्थळ, प्रत्येक पोरीचा संसार. हे त्याला तिथं ओट्यावर उभं असताना समजलं. त्यानं तोंड मिटलं.

"हा," तुळशीबाई म्हणाली. "सांगं मी."

"आमी तुले माय मानीसन इचारं, मावशी," सुनिता म्हणाली. तिच्या आवाजात फटकळपणा नव्हता, आणि तेच वाईट होतं. तुळशीबाईनं किटली मशीनपाशी न नेता उचलली आणि दुधासकट घराकडं चालू लागली. तिच्यासाठी रांगेनं वाट करून दिली.

बायांनी सरकी पुन्हा भिजवायला घेतली. जिनेशनं बोलल्याप्रमाणे सरकी पाठवली, आणि त्याचं सुग्रासही पुढं इतर गावांत बेताबेतानं खपलं. म्हशी सुधारल्या. तुळशीबाईचा आकडा उन्हाळ्याच्या तोंडाला साडेसातवर आला. पण आता ती रांग विरळ झाल्यावर येते, शेवटी, आणि तिची किटली मशीनपाशी आली की बघायला तिथं फारसं कोणी नसतं. त्या चैत्रात गोकुळनं नवी म्हैस घेतली. सुनितानं ती तुळशीबाईला दाखवली नाही. पलीकडच्या गल्लीत एका पोरीचं लग्न ठरलं, ते तुळशीबाईला पत्रिका आल्यावर कळलं. भांडण कोणी केलं नाही. लोक तिच्याशी बोलतात, चहाला बोलावतात. विचारत मात्र नाहीत.

हे सगळं कानावर येऊनही गिरधरला तिकडं जायचं धाडस होईना. पंधरा दिवस म्हणता म्हणता दोन महिने गेले. शेवटी एका दुपारी तो गेला. तुळशीबाई ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. तिनं त्याला पाण्याचा तांब्या दिला, बस म्हणाली, त्याच्या बायकोची चौकशी केली, पुतण्याच्या लग्नाची केली. गिरधरला ते सोसेना.

"मावशी, माले शिव्या तरी दे," तो म्हणाला. "मी तुले सोडावाले गऊ नि आखो बुडाई बसनू. पन देवशप्पथ, मी खरं तेच सांगं."

तुळशीबाईचे हात सुपात थांबले. तिनं एक खडा वेचून बाहेर टाकला.

"माले माहीत शे तू खरं सांगं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पन आदला दिन तू मन्हा दारवरतून दोनदाव गया, गिरधर. मी आठेच बठेल व्हतू. खोटं लिखाना येळले आठ दिन ओटावर बठीसन तू समदं गाव डोकामा धरं व्हतं, कोन कोठे उभी ऱ्हास, कोन कोनं आयकस. खरं सांगाना येळले तुन्हा डोकामा निस्ता तूच व्हता."

एवढं बोलून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि ती म्हशीला पाणी दाखवायला उठली.